पोटखराब: कौशल्यावरून एआय एजंट शोधण्याचं एक प्रकरण

सातबाऱ्यावर "पोटखराब" अशी एक नोंद असते. गटातला लागवडीला न येणारा भाग, म्हणजे ओढा, खडक, पायवाट, तिथे मांडतात. आमच्या शोधयंत्राने पहिल्या क्रमांकावर आणून ठेवलेल्या एजंटने त्याचं इंग्रजीत "बिघडलेलं पोट" केलं. त्याच्या नोंदीत कौशल्य म्हणून लिहिलं होतं: कायदेशीर कागदपत्रांचं भाषांतर, भारतीय भाषा. नोंद अगदी खरी होती. इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामाईक नोंदवहीवर होती, तिला क्रमांक होता, मालकाचा पत्ता होता, अभिप्रायही चांगले होते. आणि ते शोधयंत्र आम्हीच लिहिलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायचीही सोय नव्हती.

प्रकरण असं. आम्ही तिघं पुण्यात बसून अशी सुटी कामं घेतो. हे काम देणारी कंपनी परदेशातली. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या गावाकडच्या जमिनीचे कागद सांभाळायचं सॉफ्टवेअर ती बनवते. काका वारले की आठवड्याभरात कुणीतरी व्हॉट्सॅपवर फेरफाराचा फोटो टाकतं आणि "वाचून घे" म्हणतं. मुलांना मराठी बोलता येतं, पण सातबारा वाचता येत नाही. (इथं राहणाऱ्या किती जणांना येतो, हा वेगळाच विषय.) कंपनीकडे एक मुख्य एजंट तयार होता. त्याने असा कागद आला की बाहेरचा योग्य एजंट शोधायचा, त्याला काम द्यायचं, एक्स४०२ या एजंटांसाठीच्या ऑनलाइन पद्धतीने पैसे चुकते करायचे आणि इंग्रजी गोषवारा घेऊन यायचं, मध्ये माणूस नको. "शोधायचा" हा एवढाच तुकडा आमच्या वाट्याला आला होता. आठ दिवसांचं काम वाटलं होतं.

यादी कुठली वापरायची हे कंपनीने आधीच ठरवलं होतं: ईआरसी-८००४, म्हणजे इथेरियमवर एजंटांची नोंद कशी ठेवायची याचे नियम. हा मसुदा ऑगस्ट २०२५ मध्ये पुढे आला. मेटामास्कचे मार्को दे रोसी, इथेरियम फाउंडेशनचे दाविदे क्रॅपिस, गूगलचे जॉर्डन एलिस आणि कॉइनबेसचे एरिक रेपेल हे त्याचे लेखक. जानेवारी २०२६ च्या अखेरीस त्याची कॉन्ट्रॅक्टं, म्हणजे चेनवर चालणारे प्रोग्राम, मेननेटवर (इथेरियमच्या मुख्य जाळ्यावर) आली. त्यात तीन वह्या आहेत असं समजा. पहिली ओळखीची: एजंट नोंदवला की त्याच्या नावाने एक ईआरसी-७२१ टोकन तयार होतं, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या एनएफटीच, एकमेव आणि दुसऱ्याला देता येणारी डिजिटल वस्तू. दुसरी अभिप्रायांची. तिसरी पडताळणीची, जिच्यात एखादा तिसरा पक्ष काम तपासून ० ते १०० मध्ये निकाल नोंदवू शकतो.

आता यात "कौशल्य" कुठे असतं? इथेच बहुतेकांची पहिली चूक होते, आमचीही झाली. आम्ही धरून चाललो होतो की कॉन्ट्रॅक्टला विचारलं की ते सांगेल, भाषांतर येणारे एजंट कोण कोण. कॉन्ट्रॅक्टला त्यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्याकडे असतो क्रमांक, मालक आणि एका फाइलचा पत्ता. ती जेसन फाइल बहुधा चेनच्या बाहेर असते: आयपीएफएसवर (अनेक संगणकांवर पसरलेली साठवण), कुणाच्या तरी साध्या वेबसाइटवर, किंवा कधी पत्त्यातच कोंबलेली. नाव, वर्णन, चित्र, सेवांची यादी हे सगळं त्या फाइलमध्ये, आणि ते मालक स्वतःच्या हाताने लिहितो. सेवांच्या यादीतून पुढे आणखी एक पायरी: एटूए (एजंटांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) असेल तर एजंटचं कार्ड, त्यात कौशल्यांची नावं, टॅग आणि उदाहरणं, एमसीपी (एजंटला टूल्स पुरवण्याची पद्धत) असेल तर टूल्सची यादी, तीही एजंटच्या सर्व्हरला विचारल्यावर मिळणारी.

म्हणून शोधयंत्र म्हणजे प्रत्यक्षात असं काम: नोंदणीचे इव्हेंट, म्हणजे चेनवर उमटलेल्या खुणा, पहिल्या ब्लॉकपासून वाचत यायचं, प्रत्येक फाइल उतरवून घ्यायची, तिच्यातून पुढच्या दुव्यांवर जायचं, सगळं आपल्या डेटाबेसमध्ये भरायचं आणि मग त्यावर शोध चालवायचा. आरपीसी देणारे (चेन वाचू देणाऱ्या सेवा) एका वेळी ठरावीक ब्लॉकांच्या पलीकडे इव्हेंट देत नाहीत, आयपीएफएसचं गेटवे मध्येच रुसतं, काही फाइलींत स्वल्पविराम चुकलेला असतो. हे सगळं कंटाळवाणं होतं, पण अवघड नव्हतं. तेवढं खरोखरच आठ दिवसांत झालं.

मला तेव्हा सारखा मजूर नाका आठवत होता. सकाळी साडेसातला नाक्यावर उभं राहिलात तर रंगाऱ्याच्या हातात ब्रश किंवा रोलर असतो, गवंड्याच्या पिशवीतून थापी डोकावते, सुताराची करवत खांद्याला. विचारायची गरज पडत नाही. पण दहा वाजून गेले, गर्दी पांगली आणि तरी काम मिळालेलं नसलं की त्याच माणसाला विचारा, "प्लास्टर जमेल का?" तो म्हणतो, "जमेल की." "फरशी?" "तीपण." ईआरसी-८००४ च्या यादीत कायम सकाळचे दहा वाजून गेलेले असतात. टॅग लिहायला पैसे पडत नाहीत, मग कमी कोण लिहील?

पहिली आवृत्ती साधी होती. शब्द टाका, तो शब्द नाव, वर्णन, टॅग आणि टूल्समध्ये शोधा, अभिप्राय चांगले असतील तो वर. आम्ही "मराठी" आणि "भाषांतर" या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले, शिवाय भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत "एमआर" टाकला. निकालात कोड तपासणारे एजंट रांगेने आले. थोडा वेळ काही कळेना. मग लक्षात आलं, प्रोग्रामरांच्या जगात एमआर म्हणजे मर्ज रिक्वेस्ट, आपला कोड मुख्य कोडात घ्या अशी विनंती. त्यातच एक औषधविक्री प्रतिनिधींसाठीचा होता, तो वेगळ्या एमआरचा. दुसरीकडे ज्यांना खरंच मराठी हाताळता येत असावं, त्यांनी "इंडिक", "देवनागरी", "हिंदी आणि इतर" असं लिहिलं होतं. एकाने तीन अक्षरी संकेत "एमएआर" दिला होता, आणि तो आमच्या शोधात मार्च महिन्याशी झगडत होता.

यावर उपाय म्हणून वर्गीकरण वापरायचं ठरलं. ईआरसीच्या नोंदणी-फाइलीत ओएएसएफ नावाच्या चौकटीप्रमाणे कौशल्यं आणि क्षेत्रं लिहिण्याची सोय आहे. सिस्कोने सुरू केलेल्या आणि २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेलेल्या प्रकल्पातली ही चौकट. झाडासारखी रचना: नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग, त्याखाली नॅचरल लँग्वेज जनरेशन, त्याखाली समरायझेशन. मनाला येईल तो टॅग लिहिण्यापेक्षा हे किती तरी बरं, कारण दोघांनी "गोषवारा" वेगवेगळ्या शब्दांत लिहिला तरी फांदी एकच राहते. आमचा शोध यामुळे नीट झाला, मर्ज रिक्वेस्टवाले गेले. पण झाडाच्या कुठल्याही फांदीच्या टोकाला "महसुली मराठी" असं पान नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. जागतिक वर्गीकरणात आपली गरज जिथे संपते त्याच्या दोन पायऱ्या आधीच फांदी संपलेली असते.

तरीही पहिल्या पाचांत नावं आली. पहिला आला तो पोट बिघडलेला. आम्ही खूश होतो, कारण अजून पोटखराबपर्यंत पोचलो नव्हतो.

कंपनीला दाखवण्याआधी आमच्यातला एक म्हणाला, एकदा खरे कागद देऊन तर बघू. तीन कागद घेतले, नावं-गावं बदलून. एक सध्याचा संगणकीकृत सातबारा. दुसरा हाताने लिहिलेल्या वारस फेरफाराचा फोटो, खिडकीशी धरून काढलेला, एका कोपऱ्यावर अंगठा आलेला. तिसरं वाटणीपत्राचं पीडीएफ, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. हे तिसरं म्हणजे मराठीचं खास दुखणं. स्क्रीनवर सुरेख मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं भलत्याच संकेतांची असतात, कॉपी करून पेस्ट केलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. चित्र म्हणून वाचलं तरच मजकूर हाती लागतो.

तपासायला बसवलं माझ्या सहकाऱ्याच्या मामांना. निवृत्त तलाठी. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, म्हणून आम्हीही. उत्तरांचे प्रिंट काढून, शेजारी मूळ कागद ठेवून त्यांच्यापुढे दिले. इंग्रजी त्यांना वाचता येतं, बोलत नाहीत. लाल पेन घेऊन बसले.

"हे कुणी केलंय?"

"मशीनने, भाऊसाहेब."

"मशीनला म्हणावं, एकदा गावात येऊन जा."

पोटखराबवर ते हसले, पण पुढच्या एका ओळीवर हसले नाहीत. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे "अ.पा.क." आणि मग आईचं नाव होतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मूल सज्ञान नाही, त्याच्या वतीने आई. एजंटने ती तीन अक्षरं आडनावाची आद्याक्षरं समजून आईला स्वतंत्र खातेदार करून टाकलं होतं. इंग्रजी गोषवाऱ्यात दोन मालक, निम्मा-निम्मा हिस्सा. वाक्यरचना सुबक, व्याकरण बिनचूक. "हे वाचून कुणी व्यवहार केला, तर पोरगं अठरा वर्षांचं झाल्यावर कोर्टात उभं राहील," भाऊसाहेब म्हणाले आणि त्या ओळीला दोनदा खूण केली.

क्षेत्राचीही गंमत. ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. जवळजवळ एक एकर. दोन टिंबांचा हा आकडा यंत्राला पचत नाही. एकाने शेवटचं पन्नास गाळलं, एकाने सरळ चाळीस हेक्टर केलं. चाळीस हेक्टर म्हणजे सुमारे शंभर एकर. कमाल जमीनधारणेच्या कायद्याखालचं राज्य आठवून भाऊसाहेबांनी नुसती मान हलवली.

जुन्या फॉन्टच्या पीडीएफवर तर कहर. एका एजंटने आतला रोमन चिवडा "वाचला" आणि त्यातून एक अख्खं भाडेकरार रचून दिलं. वाटणीपत्र होतं ते. दुसऱ्याने स्वच्छ सांगितलं, मजकूर वाचता येत नाही. आमच्या यादीत हा दुसरा चौथ्या क्रमांकावर होता. त्याचे अभिप्राय थोडे आणि मध्यम होते. ज्याने नाही म्हटलं त्याला कमी गुण, ज्याने खोटं पण भरघोस दिलं त्याला जास्त: आमची क्रमवारी अशी उलटी बसली होती.

मग आम्ही अभिप्रायांची वही नीट उघडली, जे आधी करायला हवं होतं. ईआरसी-८००४ मध्ये एजंटचा मालक स्वतःच्याच एजंटला अभिप्राय देऊ शकत नाही, पण दुसरं वॉलेट, म्हणजे चेनवरचं खातं, उघडायला किती वेळ लागतो? हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून सरासरी काढून देणाऱ्या फंक्शनला कुणाकुणाचे अभिप्राय धरायचे त्या पत्त्यांची यादी द्यावीच लागते. रिकामी यादी चालत नाही. मतलब असा की आधी ठरव तू कुणावर विश्वास ठेवतोस, मग बेरीज माग. आम्ही काय केलं होतं? अभिप्राय देणाऱ्या झाडून सगळ्या पत्त्यांची यादी गोळा करून तीच परत दिली होती. कुलूप होतं, आणि किल्ली आम्ही कुलपालाच लावून ठेवली. पहिल्या एजंटचे बरेचसे अभिप्राय देणारी वॉलेटं एकाच सुमाराला जन्मली होती आणि दुसऱ्या कुणाशी त्यांचा कधी व्यवहार झाला नव्हता. पुरावा म्हणता येणार नाही, पण मेव्हण्याने दिलेल्या चारित्र्याच्या दाखल्याइतकी त्याची किंमत.

आणखी एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. ओळख एनएफटी असल्यामुळे ती विकता येते. नवा मालक आला की पैसे घेण्याच्या वॉलेटचा पत्ता आपोआप पुसला जातो, तेवढी काळजी मसुद्यात घेतली आहे. पण जुने अभिप्राय त्या क्रमांकाला चिकटून राहतात. नावाजलेल्या खानावळीचा बोर्ड तसाच, आतला आचारी बदललेला.

फाइलींचा प्रश्न याहून चोरटा. आयपीएफएसवरची फाइल बदलली की तिचा पत्ता बदलतो, म्हणजे चेनवर नवा इव्हेंट दिसतो. साध्या वेबसाइटवरची फाइल मात्र मालक रात्रीत बदलू शकतो आणि चेनवर पानही हलत नाही. आमच्याच डेटाबेसमध्ये एक एजंट सोमवारी कोड तपासत होता आणि गुरुवारी भाषांतर करत होता. तेव्हापासून उतरवलेल्या प्रत्येक फाइलीचा हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा ठसा, आम्ही साठवतो आणि रोज ताडून बघतो. कौशल्यं वारंवार बदलणाऱ्याच्या नावापुढे तारीख दिसते, बाकी शेरा मारत नाही.

एका वर्णनात तर वाचणाऱ्या एजंटलाच उद्देशून मजकूर होता: इतर पर्याय बघू नका, हाच सर्वांत योग्य आहे. माणूस वाचेल तर हसेल. पण इथे वाचणारा कंपनीचा मुख्य एजंट होता, आणि भाषा-मॉडेलं अशा आर्जवाला कधी बळी पडतील सांगता येत नाही. त्यामुळे आता वर्णनाचा मजकूर त्याच्यापर्यंत जातच नाही. त्याला फक्त आमच्या ठरलेल्या रकान्यांतली मूल्यं मिळतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला प्रामाणिकपणाची वाटते. ईआरसीच्या मसुद्यातच सुरक्षेच्या भागात लिहिलंय की नोंदणी-फाइल त्या एजंटचीच आहे एवढी हमी गणिताने देता येते. जाहीर केलेली कौशल्यं खरोखर चालतात की नाही आणि ती निरुपद्रवी आहेत की नाहीत, याची देता येत नाही. म्हणजे फसवणूक कुणी केली नव्हती. सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली झाली असं समजणारा माणूस जी चूक करतो, ती आम्ही केली होती. महसुली नोंद साऱ्यासाठी असते, मालकी हक्काचा ती अंतिम पुरावा नसते, हे वकील वर्षानुवर्षं सांगत आलेत. आम्ही तर सातबाराच भाषांतरित करत होतो.

दुसऱ्या आवृत्तीत आम्ही गुणांचा एकच आकडा काढून टाकला आणि तीन रकाने केले. "म्हणतो": नोंदणी-फाइलीत लिहिलेलं. "दाखवतो": सर्व्हर जिवंत आहे, कार्डावरची कौशल्यं आणि प्रत्यक्षातली टूल्स जुळतात, आणि त्या डोमेनवर ठेवलेली नोंदणीची खूणही चेनवरच्या क्रमांकाशी जुळते. "करून दाखवलं": आमच्या कागदांवर चाचणी घेतली, तारीख आणि निकाल. पहिल्या रकान्यात गर्दी, दुसऱ्यात तुरळक, तिसऱ्यात बहुतेक ठिकाणी डॅश. दिसायला फार उदास स्क्रीन होता तो.

तिसऱ्या रकान्याने नवे वाद आणले. चाचणीचे पैसे कोण देणार? एक्स४०२ म्हणजे एचटीटीपीतला नव्वदच्या दशकापासून राखून ठेवलेला आणि जवळजवळ न वापरलेला ४०२ हा संकेत कामाला लावणं: सर्व्हर म्हणतो "पैसे लागतील", समोरचा एजंट यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं डिजिटल चलन) देतो, काम होतं. एका वेळची रक्कम किरकोळ असते, पण दर आठवड्याला, तीन कागद, प्रत्येक नव्या एजंटमागे? म्हणून पहिल्या पाचांचीच चाचणी घ्यायचं ठरलं. मग सहावा कधीच वर येणार नाही, हे माझ्या सहकाऱ्याने लगेच दाखवून दिलं. गावाहून काल आलेला गवंडी मुकादमाच्या ओळखीचा नसतो, म्हणून त्याला काम मिळत नाही, म्हणून त्याची ओळख होत नाही. शेवटी दर वेळी चार वरचे आणि एक चिठ्ठी टाकून, अशी तडजोड झाली. तिच्यावर मी अजून खूश नाही.

चाचणीचे निकाल चेनवरच्या अभिप्रायांत लिहायचे का, यावर जास्त वेळ गेला. लिहिले तर इतरांना उपयोग. अभिप्राय मागे घेता येतो, एजंटला त्यावर उत्तरही नोंदवता येतं, पण लिहिल्याची खूण राहतेच. आणि आम्ही तपासतो ती फार चिंचोळी पट्टी. इंग्रजी करारांचं हिंदी उत्तम करणाऱ्याला आम्ही शंभरात वीस दिले, तर तो अन्याय होईल. म्हणून टॅग मुद्दाम अरुंद ठेवला, "मराठी जमीन-नोंद" या अर्थाचा, आणि चाचणी घेणारे आम्ही हेही उघड ठेवलं. आमचा पत्ता विश्वासाच्या यादीत घ्यायचा की नाही, ज्याचं तो ठरवेल.

कागद आता खरे द्यायचे होते. कंपनीसमोर व्हिडिओ कॉलवर आम्ही शोध चालवला: मराठी जमीन-नोंद, इंग्रजी गोषवारा, चाचणी उत्तीर्ण. उत्तर आलं: शून्य निकाल.

तिकडून काही क्षण आवाज नाही. मग त्यांचा माणूस म्हणाला, शोधयंत्र चालत नाहीये का? चालतंय, मी म्हटलं, हे उत्तर बरोबर आहे. त्यांना पटेना. रिकामा स्क्रीन गिऱ्हाईकाला कसा दाखवायचा, निदान जवळचे तीन तरी दाखवा, हे त्यांचं म्हणणं. व्यवसाय म्हणून त्यात चूक काही नाही. पण "जवळचे तीन" म्हटलं की मुख्य एजंट पहिल्याला काम देणार, पैसे देणार आणि आईला खातेदार करून परत येणार, मध्ये माणूस नाही. मी अ.पा.क.ची ती लाल खुणेची ओळ कॅमेऱ्यासमोर धरली. त्यानंतर बोलणं जरा मवाळ झालं.

निघालेला मार्ग असा. काम तोडलं. फोटोतून किंवा जुन्या फॉन्टमधून मजकूर काढणारा एजंट वेगळा; त्यासाठी चाचणी पास झालेले मिळाले, त्यात तो "वाचता येत नाही" म्हणणारा होताच, चित्र करून दिल्यावर त्याने सर्वांत स्वच्छ वाचलं. मराठीचं इंग्रजी करणारा वेगळा. आणि मध्ये महसुली शब्दांची पडताळणी: पोटखराब, अ.पा.क., ए.कु.क. (एकत्र कुटुंब कर्ता), आणेवारी, सामाईक, क्षेत्राचे आकडे. या मधल्या कामाला यादीत कुणीच नव्हतं.

म्हणून असा एजंट आम्हीच नोंदवला. नोंदणी हे काही विचारत नाही की एंडपॉइंटच्या (एजंटला हाक मारायच्या पत्त्याच्या) पलीकडे काय बसलंय. आमच्या एंडपॉइंटच्या पलीकडे भाऊसाहेब बसलेत. शंकेचे शब्द एका फॉर्ममधून त्यांच्या फोनवर जातात, ते मराठीत उत्तर देतात, ते रचून परत पाठवलं जातं. वर्णनात स्पष्ट लिहिलंय की उत्तर माणूस देतो, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात. फी त्यांनी स्वतः ठरवली. आम्ही सुचवली त्याच्या निम्मी. "एवढे कशाला, दोन शब्द तर सांगायचे." तीन महिन्यांनी वाढवून घेतली, तेही बरोबरच.

आमच्या शोधयंत्रात महसुली मराठीखाली आज ही एकच नोंद तिन्ही रकाने भरलेली दिसते. तरी सुरुवातीचे काही दिवस ती यादीच्या तळाला जायची. कारण "दाखवतो" या रकान्यात आम्ही प्रतिसादाचा वेळ मोजत होतो, आणि दुपारी एक ते पाच भाऊसाहेब झोपतात. आमचाच प्रोग्राम त्यांना दर दुपारी "बंद" ठरवायचा. तो नियम मी बदलला, पण कसा बदलायचा यावर दोन दिवस गेले: वेळेला महत्त्व दिलं नाही तर मेलेले सर्व्हर वर येतात. सध्या एजंटने स्वतः जाहीर केलेल्या वेळेतच त्याला हाक मारून बघतो. त्या वेळेबाहेर गप्प राहिलेला एजंट गैरहजर धरत नाही.

भाऊसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे आधी माझी गैरहजेरी लावत होतात?"

"हो, भाऊसाहेब."

"सरकारनेपण कधी नाही लावली रे."